न उतरणाऱ्या रक्तदाबामागचे संप्रेरक : अल्डोस्टेरॉन

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, येरळा नदीच्या काठी वसलेले वडूज हे खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण. पाणी अडविणे आणि अडविलेले पाणी पुरवून वापरणे हा या दुष्काळी भागाच्या जगण्याचाच एक भाग आहे. मानवी शरीरातही मीठ आणि पाणी अडवून धरणारी अशीच एक व्यवस्था असते. तिची सूत्रे अल्डोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाच्या हाती असतात. शरीरावर दुष्काळ ओढवला, तर हे संप्रेरक माणसाला तारते. मात्र गरज नसताना ते स्रवत राहिले, तर रक्तदाब वाढतो आणि हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांना इजा पोहोचते.

रक्तदाबाच्या तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा दाब उतरत नाही, अशा रुग्णांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या आजाराचे मूळ याच संप्रेरकात असल्याचे जगभरातील अभ्यासांतून दिसून आले आहे. हा दोष रक्ताच्या तपासणीतून हुडकता येतो. काही रुग्णांत तो शस्त्रक्रियेने दूर करता येतो, तर इतरांसाठी स्वस्त गोळी उपलब्ध आहे. असे असूनही बहुसंख्य रुग्णांची ही तपासणी कधीच होत नाही. ‘पथ्य पाळत नाही’, ‘फार विचार करतो’ असा ठपका घेऊन ते वर्षानुवर्षे गोळ्या वाढवीत राहतात.

साताऱ्यातील पार्श्वभूमी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, २०१९ ते २०२१ या काळात देशातील १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के महिला आणि २४ टक्के पुरुष यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. हा आजार शहरी, सुखवस्तू माणसांचा असतो, हा समज आता टिकण्यासारखा राहिलेला नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा त्यात सहभाग होता. पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांमध्ये महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे होते. ठरलेल्या क्रमाने मोजकी औषधे देणे, ती घराजवळच्या आरोग्य केंद्रात मिळण्याची सोय करणे आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून पाठपुरावा करणे, अशी या उपक्रमाची साधी पद्धत आहे. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने त्याचा गौरव झाला.

या पद्धतीने बहुतेकांचा रक्तदाब आटोक्यात येतो. परंतु औषधे नियमित घेऊनही ज्यांचा दाब १४०/९० च्या खाली येत नाही, अशांचा एक गट मागे उरतो. अल्डोस्टेरॉनचा विचार प्रामुख्याने याच गटासाठी महत्त्वाचा ठरतो.

मिठाचा राखणदार

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी किंवा ॲड्रिनल ग्रंथी म्हणतात. तिच्या बाहेरील आवरणाच्या सर्वांत वरच्या थरात अल्डोस्टेरॉन तयार होते.

मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. या द्रवात जवळपास दीड किलो मीठ असते. त्यातील ९९ टक्क्यांहून अधिक मीठ सामान्यतः रक्तात परत घेतले जाते. शेवटचा थोडासा हिस्सा राखायचा की लघवीवाटे सोडायचा, याचा निर्णय अल्डोस्टेरॉन करते. हा हिस्सा दिसायला किरकोळ असला, तरी दीड किलोतील दोन टक्के म्हणजे ३० ग्रॅम मीठ होते, हे लक्षात घेतले पाहिजे.

उन्हातान्हात काम करताना घाम गेला, जुलाब-उलट्या झाल्या किंवा रक्तस्राव झाला, की मूत्रपिंडांकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी होतो. तेव्हा मूत्रपिंडे रेनिन हा पदार्थ सोडतात. त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते आणि ते अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन स्रवण्याचा निरोप देते. मग सोडियम रक्तात परत घेतले जाते, त्याच्यामागून पाणी येते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकले जाते. रक्ताचे आकारमान पूर्ववत झाले, की रेनिन कमी होते आणि अल्डोस्टेरॉनही ओसरते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावर पावसाळा संपताना बरगे घालतात आणि पुराचे पाणी येण्यापूर्वी ते काढतात. निरोगी शरीरात अल्डोस्टेरॉनचे कामही असेच चालते. बरगे काढायचे राहून गेले, तर पाण्याचा फुगवटा काठावरच्या शेतात शिरतो. शरीरात हा फुगवटा रक्तवाहिन्यांवर येतो आणि रक्तदाब चढतो.

हे संप्रेरक मुळीच नसणे हेही तितकेच घातक असते. १८५५ मध्ये इंग्लंडमधील थॉमस ॲडिसन यांनी अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचे वर्णन केले. असे रुग्ण मीठ आणि पाणी राखू शकत नाहीत आणि उपचारांअभावी दगावतात. तेव्हा अल्डोस्टेरॉनला शरीराचा शत्रू मानणे चुकीचे ठरेल.

एका रुग्णाने दिलेले उत्तर

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाढलेल्या रक्तदाबावर प्रभावी औषधे जवळजवळ नव्हती. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमधून मांडला आणि या भारतीय वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. दाब उतरविता येतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. तो मुळात का चढतो, हा प्रश्न मात्र बहुतेक रुग्णांच्या बाबतीत अनुत्तरितच होता.

१९५३ मध्ये लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी अधिवृक्क ग्रंथीतून एक नवे संप्रेरक वेगळे केले. आरंभी त्याला इलेक्ट्रोकॉर्टिन असे नाव होते. पुढे त्याची रासायनिक रचना उलगडल्यावर अल्डोस्टेरॉन हे नाव रूढ झाले. त्यानंतर वर्षभरातच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील डॉ. जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक महिला आली. तिचा रक्तदाब चढलेला होता, रक्तातील पोटॅशियम फार कमी होते, स्नायूंना अशक्तपणा येत असे आणि पेटके येत. तिच्या शरीरात अल्डोस्टेरॉनसारखे द्रव्य प्रमाणाबाहेर असावे, असा निष्कर्ष कॉन यांनी काढला. डिसेंबर १९५४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा उजव्या अधिवृक्क ग्रंथीवर गाठ आढळली. ती काढल्यावर रुग्णाची प्रकृती सुधारली. प्राथमिक अल्डोस्टेरॉनाधिक्य म्हणजेच कॉन विकार तो हाच.

या विकारात ग्रंथी रेनिनच्या निरोपाची वाट पाहत नाही. एका बाजूची गाठ किंवा दोन्ही ग्रंथींची वाढ यामुळे संप्रेरक आपोआप स्रवत राहते. २०११ मध्ये अशा अनेक गाठींतील पेशींमध्ये पोटॅशियमच्या मार्गाशी संबंधित एका जनुकात बदल झालेला आढळला आणि ग्रंथी अशी बेबंद का होते, याचे एक कारण स्पष्ट झाले.

हा विकार दुर्मीळ असून पोटॅशियम कमी असेल तरच त्याचा संशय घ्यावा, असे अनेक दशके शिकविले जात होते. आता हे दोन्ही समज मागे पडले आहेत. उच्च रक्तदाबाच्या दर १०० रुग्णांमागे ५ ते १० जणांत तो आढळतो आणि त्यांतील बहुतेकांचे पोटॅशियम सामान्य असते.

हृदयावर दुहेरी आघात

अल्डोस्टेरॉनमुळे रक्तदाब वाढतो आणि वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, हा पहिला आघात. दुसरा आघात थेट स्वरूपाचा असतो. या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राहक हृदयाच्या स्नायूंत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही असतात. ते सतत उद्दीपित राहिल्यास दाह होतो, स्नायूंमध्ये तंतुमय ऊती साचते आणि हृदय ताठर बनते. अशा हृदयात ठोक्यांची लय बिघडण्याची शक्यता वाढते.

फ्रान्समध्ये २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या विकाराच्या १२४ रुग्णांची तुलना तेवढाच रक्तदाब असलेल्या अन्य ४६५ रुग्णांशी करण्यात आली. पक्षाघात झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात १२.९ टक्के, तर दुसऱ्यात ३.४ टक्के होते. हृदयाच्या कर्णिकांची लय बिघडलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७.३ आणि ०.६ टक्के होते. रक्तदाबमापकावरील आकडा सारखा असला, तरी धोका सारखा नसतो, हा त्याचा अर्थ.

यात मिठाचा वाटाही मोठा आहे. उंदरांवरील प्रयोगांत अल्डोस्टेरॉनसोबत भरपूर मीठ दिल्यावर हृदयात तंतू साचले. आहारात मीठ अत्यल्प ठेवल्यावर मात्र तशी इजा दिसली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे. भारतीयांचे सरासरी सेवन ८ ग्रॅमच्या आसपास आहे. भाकरीबरोबरचा खर्डा, लोणचे, पापड, सांडगे आणि मीठ घातलेले ताक यांतून हे मीठ नकळत पोटात जाते. शेंदेलोण खाल्ल्याने रक्तदाब वाढत नाही, हा समजही निराधार आहे. त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.

हृदय थकते, तेव्हा

हृदयाचा झटका किंवा अन्य कारणाने हृदय दुर्बळ झाले, तर मूत्रपिंडांकडे पुरेसे रक्त पोहोचत नाही. शरीरात पाणी भरपूर असते, पण मूत्रपिंडांना मात्र दुष्काळ पडल्यासारखे वाटते. ती रेनिन सोडतात, अल्डोस्टेरॉन वाढते, आणखी मीठ-पाणी अडविले जाते. पायांवर सूज येते, फुप्फुसांत पाणी साचते आणि आधीच थकलेल्या हृदयावरचा भार वाढत जातो.

अल्डोस्टेरॉनचा प्रभाव रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध १९५९ पासून वापरात आहे. मात्र त्याचे खरे मोल १९९९ मध्ये ‘राल्स’ या चाचणीने दाखवून दिले. गंभीर हृदयनिकामीपणाच्या १,६६३ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर हे औषध अल्प मात्रेत देण्यात आले. सुमारे दोन वर्षांत औषध न मिळालेल्या गटातील ४६ टक्के, तर औषध मिळालेल्या गटातील ३५ टक्के रुग्ण दगावले. फायदा इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबविण्यात आली. २००३ मध्ये ६,६०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत एप्लेरेनोन या दुसऱ्या औषधाने हृदयाच्या झटक्यानंतर हृदय दुर्बळ झालेल्यांचे मृत्यू १५ टक्क्यांनी घटविले.

आधी काय तपासावे?

रक्तदाब न उतरण्याचे कारण प्रत्येक वेळी अल्डोस्टेरॉन हेच असेल, असे नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का, महिन्याच्या अखेरीस त्या संपलेल्या असतात का, दाब मोजण्यापूर्वी रुग्ण पाच मिनिटे शांत बसला होता का, दंडाच्या मानाने पट्टा योग्य मापाचा होता का, हे आधी पाहावे लागते.

गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मीठ-पाणी अडवून रक्तदाब वाढवितात. मशेरी आणि तंबाखूतील निकोटिनही दाब चढविते. झोपेत घोरणे व श्वास अडखळणे हेही एक कारण असते.

खोकल्यासाठी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या ज्येष्ठमधाकडे तर सहसा कोणाचे लक्षच जात नाही. त्यातील ग्लिसिरायझिन हा घटक शरीरातील कॉर्टिसोल या दुसऱ्या संप्रेरकाला अल्डोस्टेरॉनचे काम करू देतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या रुग्णाने आपण घेत असलेले काढे, चूर्णे आणि चाटणे यांची माहिती डॉक्टरांना दिली पाहिजे, ती याचसाठी.

तपासणी कोणाची, कशी?

तीन औषधे घेऊनही दाब न उतरणे, रक्तातील पोटॅशियम कमी असणे, अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये अधिवृक्क ग्रंथीवर गाठ दिसणे, तरुण वयात रक्तदाब किंवा पक्षाघात होणे, उच्च रक्तदाबाबरोबर हृदयाची लय बिघडणे आणि जवळच्या नातेवाइकाला हा विकार असणे, अशा वेळी तपासणी विशेष गरजेची असते. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२५ मध्ये याही पुढे जाऊन उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी करावी, असे सुचविले.

तपासणीत सकाळच्या रक्तनमुन्यातील अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचे गुणोत्तर काढतात. अल्डोस्टेरॉन जास्त आणि रेनिन दबलेले असेल, तर संशय बळावतो. रुग्णाने उठून किमान दोन तास हिंडते-फिरते राहावे आणि मग काही मिनिटे बसल्यावर रक्त द्यावे, अशी पद्धत आहे. वडूजसारख्या ठिकाणी घेतलेला नमुना शहरातील प्रयोगशाळेकडे पाठविता येतो. रेनिनसाठीचे ताजे रक्त बर्फावर ठेवू नये, अन्यथा निष्कर्ष चुकू शकतो. रक्तदाबाच्या काही औषधांचाही निकालावर परिणाम होतो. म्हणून कोणते औषध थांबवायचे, की काहीच न थांबविता आधी तपासणी करायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. रुग्णाने स्वतः होऊन गोळ्या बंद करणे धोक्याचे आहे.

निदान पक्के झाल्यावर सीटी स्कॅन करतात. दोष एकाच ग्रंथीत आहे का, हे ठरविण्यासाठी दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून रक्त घेऊन तुलना करावी लागते. हे कौशल्याचे काम असून मोठ्या शहरांतील मोजक्याच केंद्रांत होते.

शस्त्रक्रिया आणि गोळी

दोष एका बाजूचा असेल, तर दुर्बिणीद्वारे ती ग्रंथी काढता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, अशा ९४ टक्के रुग्णांत संप्रेरकाचा दोष पूर्ण दूर झाला. ३७ टक्के रुग्णांना रक्तदाबाच्या गोळ्यांची गरजच उरली नाही आणि आणखी ४७ टक्के रुग्णांत सुधारणा झाली. निदानाला जितका उशीर होतो, तितक्या रक्तवाहिन्या ताठर होत जातात आणि पूर्ण बरे होण्याची शक्यता घटते.

दोष दोन्ही बाजूंचा असेल किंवा शस्त्रक्रिया शक्य नसेल, तर स्पायरोनोलॅक्टोन देतात. देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत त्याचा समावेश आहे. कॉन विकाराचे निदान झालेले नसतानाही ते उपयोगी पडते. २०१५ मध्ये ब्रिटनमधील ‘पाथवे-२’ चाचणीत, तीन औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांमध्ये चौथे औषध म्हणून स्पायरोनोलॅक्टोन सर्वांत प्रभावी ठरले. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत त्याने वरचा दाब सुमारे ८.७ अंकांनी अधिक उतरविला.

पोटॅशियमवर लक्ष हवे

हे औषध मीठ सोडते आणि पोटॅशियम राखते. पोटॅशियम फार वाढले, तर हृदयाचे ठोके अनियमित होऊन ते बंदही पडू शकते. १९९९ च्या यशानंतर कॅनडातील ओंटारिओ प्रांतात या औषधाचा वापर झपाट्याने वाढला आणि त्याबरोबर पोटॅशियम वाढल्याने वृद्ध हृदयरुग्णांना रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण १९९४ मधील हजारी २.४ वरून २००१ मध्ये हजारी ११ वर गेले. दोष औषधापेक्षा देखरेखीतील ढिलाईचा होता.

म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी, त्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत आणि पुढेही ठरावीक अंतराने पोटॅशियम व क्रिएटिनीन तपासणे आवश्यक असते. मूत्रपिंडांचा विकार, मधुमेह किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल यांसारखी औषधे सुरू असल्यास अधिक दक्षता हवी. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. सर्वसाधारण व्यक्तीसाठी ते हितकारक असले, तरी या रुग्णांनी ते डॉक्टरांना न विचारता वापरू नये. शहाळ्याच्या पाण्याबाबतही तेच. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या होऊन शरीरातील पाणी घटले, तर ही गोळी तात्पुरती थांबवावी का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.

स्पायरोनोलॅक्टोनमुळे काही पुरुषांत छातीला सूज व दुखरेपणा येतो. संकोचापोटी गोळी बंद करण्याऐवजी तक्रार सांगितल्यास एप्लेरेनोनसारखा पर्याय देता येतो.

नवी औषधे

फिनेरेनोन या नव्या औषधाने मधुमेहामुळे मूत्रपिंडे बिघडलेल्या रुग्णांत, तसेच २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे ६,००० रुग्णांच्या चाचणीत ताठर हृदयाच्या हृदयनिकामीपणातही लाभ दाखविला. अल्डोस्टेरॉनची निर्मितीच रोखणाऱ्या औषधांवरही संशोधन सुरू आहे. त्यांपैकी बॅक्सड्रोस्टॅटच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७९४ रुग्णांच्या चाचणीत १२ आठवड्यांत वरचा दाब निष्क्रिय गोळीच्या तुलनेत सुमारे ९ ते १० अंकांनी अधिक उतरला.

नव्या औषधांची किंमत आणि उपलब्धता हा पुढचा प्रश्न आहे. रक्ततपासणी आणि जुनी स्वस्त गोळी ही साधने मात्र आजही हाताशी आहेत. तीन औषधे नियमित घेऊनही ज्यांचा रक्तदाब चढलेलाच राहतो, त्यांनी चौथी गोळी सुरू करण्यापूर्वी ‘माझे अल्डोस्टेरॉन आणि रेनिन तपासायला हवे का?’ असा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.